गोदामातल्या गोळ्या आणि बाजारातली रिंग

गोंदियाच्या कुठल्याही धान्य गोदामात पावसाळ्याच्या तोंडावर एक काम ठरलेले असते. तांदळाच्या पोत्यांची थप्पी जाड प्लास्टिकने झाकायची, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबायच्या आणि आत तीन-तीन ग्रॅमच्या करड्या गोळ्या ठेवून द्यायच्या. हवेतल्या ओलाव्याने गोळीचे विघटन होऊ लागते, त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो आणि पोत्यांतले सोंडे मरतात. थप्पी काही दिवस तशीच झाकलेली राहते, गोदामावर धोक्याची पाटी लागते. या गोळीचे रासायनिक नाव अॅल्युमिनियम फॉस्फाइड. ती नसेल तर सरकारी गोदामांतला तांदूळ रेशन दुकानापर्यंत धड पोहोचणार नाही.

या गोळीच्या भावावरून झालेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि भारताच्या स्पर्धा कायद्यात त्याला मोठे स्थान मिळाले. गोंदियाच्या गिरणीमालकाला, अडत्याला, औषध विक्रेत्याला, बांधीत राबणाऱ्या शेतकऱ्याला हा कायदा समजून घ्यायचा असेल तर गुगलसारख्यांच्या मोठ्या खटल्यांपेक्षा या गोळीपासून सुरुवात केलेली बरी.

भारतीय अन्न महामंडळ म्हणजे एफसीआय या गोळ्या देशभरासाठी निविदा काढून घेते. मे 2009 च्या निविदेत एक्सेल क्रॉप केअर, युनायटेड फॉस्फरस आणि संध्या ऑरगॅनिक केमिकल्स या तीन कंपन्यांनी भाव भरला. पाकिटे उघडली तर तिन्हींत एकच आकडा: किलोला 388 रुपये. कंपन्या वेगळ्या, कारखाने वेगळे, उत्पादनाचा खर्च वेगळा, आणि दर मात्र रुपयालाही न चुकणारा. वाटाघाटी होऊन तो 386 वर आला. पुढे 2011 च्या निविदेत तर या कंपन्यांनी भावच भरला नाही. एफसीआयने भारतीय स्पर्धा आयोगाकडे लेखी तक्रार केली. चौकशीनंतर एप्रिल 2012 मध्ये आयोगाने हे संगनमत असल्याचा निर्णय दिला आणि दंड ठोठावला: युनायटेड फॉस्फरसला 252.44 कोटी रुपये, एक्सेलला 63.90 कोटी आणि संध्याला 1.57 कोटी.

कंपन्यांचा एक बचाव ऐकण्यासारखा होता. निविदा भरली ती मेच्या सुरुवातीला, कायद्यातली संगनमताविरुद्धची कलमे लागू झाली 20 मे 2009 ला. मग आम्हाला कायदा लावता कसा? सर्वोच्च न्यायालयाने 8 मे 2017 च्या निकालात हा बचाव नाकारला. पाकीट आधी टाकले असले तरी त्या दराचा परिणाम 20 मेनंतरही चालूच होता, वाटाघाटी जूनमध्ये झाल्या, म्हणून कायदा लागू होतो. दंडाच्या आकड्यावर मात्र न्यायालय कंपन्यांच्या बाजूने झुकले. ते पुढे येईलच, कारण त्यावरूनच 2023 मध्ये संसदेला कायदा बदलावा लागला.

कायदा नेमका काय म्हणतो

बाजाराला नियम घालण्याची गोष्ट विदर्भाला नवी नाही. नियंत्रित बाजारपेठेचा देशातला पहिला प्रयोग 1886 मध्ये वऱ्हाडातल्या कारंजा इथे झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. त्या काळच्या हत्ता पद्धतीत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमालाकडे पाहत राही. उघड लिलाव, खरे माप आणि वेळेवर चुकारा, ही बाजार समितीची मूळ कल्पना त्या रुमालाला दिलेले उत्तर होती. स्पर्धा कायद्याचे कामही तेच आहे. फक्त त्याचा पल्ला सगळ्या बाजारांचा आहे, सिमेंटपासून मोबाइलपर्यंत.

स्पर्धा कायद्याआधी मक्तेदारी रोखणारा 1969 चा एमआरटीपी कायदा होता. त्याचा मुख्य डोळा उद्योगाच्या आकारावर होता. मोठे झालात म्हणजे संशयित झालात. उदारीकरणानंतर ही दृष्टी कालबाह्य ठरली आणि राघवन समितीच्या शिफारशींवरून स्पर्धा अधिनियम 2002 आला. नव्या कायद्यात मोठे असणे हा गुन्हा नाही. मोठेपणाचा वापर दुसऱ्याचा गळा आवळायला झाला तर तो गुन्हा.

कायद्याचे तीन मुख्य भाग आहेत. कलम 3 संगनमताविषयी, कलम 4 वर्चस्वाच्या गैरवापराविषयी आणि कलम 5 व 6 मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणाविषयी. तिसरा भाग जिल्ह्याच्या ठिकाणी फारसा कामी येत नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी एकत्र येण्याआधी आयोगाची परवानगी घ्यावी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. दुसरा भाग खिशातल्या फोनपर्यंत येतो. अँड्रॉइड फोनमध्ये स्वतःची अॅप्स आधीच भरून देण्याची सक्ती आणि अशाच इतर अटींसाठी आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला.

गोंदियासाठी सर्वांत महत्त्वाचा पहिला भाग. एकाच धंद्यातल्या स्पर्धकांनी आपसात चार गोष्टी ठरवल्या तर बाजाराला हानी झाली असेच कायदा गृहीत धरतो: खरेदीचा किंवा विक्रीचा भाव ठरवणे, माल किंवा पुरवठा अडवून धरणे, गावे किंवा ग्राहक वाटून घेणे आणि निविदेत संगनमत करणे. हानी झाली नाही हे दाखवण्याचा भार मग आरोप असलेल्यावर येतो. इथे ‘खरेदीचा’ हा शब्द अधोरेखित करायला हवा. पाच खरेदीदारांनी रात्री बसून उद्या धान अमुक रुपयांच्या वर घ्यायचा नाही असे ठरवले, तर तेही संगनमतच. ग्राहकाला महाग विकणे आणि शेतकऱ्याकडून पाडून घेणे यांत कायदा फरक करत नाही.

‘आमच्यात काही लिहून झालेले नाही’ हे वाक्य व्यापारी मंडळींत नेहमी ऐकू येते. त्याचा उपयोग नाही. कायद्यात कराराची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. आपसातली तोंडी समजूत, एकमेकांकडे पाहून केलेली ठरवाठरवी, हे सगळे ‘करार’ या शब्दात बसते. व्हॉट्सअॅप गटावरचा निरोप तर सरळ पुरावाच. 2023 च्या दुरुस्तीनंतर तर स्वतः त्या धंद्यात नसलेला, पण ही जुळवाजुळव करून देणारा माणूसही कचाट्यात येतो. दलाल किंवा निविदा भरून देणारा सल्लागार यांनी हे नीट ध्यानात घ्यावे.

संघटनेने कुठे थांबावे

गोंदिया ही तांदळाची नगरी. राइस मिल असोसिएशन, अडते, किराणा व्यापारी, औषध विक्रेते, ठेकेदार, प्रत्येकाची संघटना आहे आणि असायलाच हवी. कर, परवाने, रेल्वेचे रॅक, वीज, बँक यांसाठी एकट्या व्यापाऱ्याला कोण विचारतो? संघटनेने निवेदन द्यावे, मंत्र्यांना भेटावे, सभासदांना नवे नियम शिकवावेत. यात कायद्याचा काहीच अडसर नाही. अडचण सुरू होते ती संघटना सभासदांच्या वतीने भाव ठरवू लागते तेव्हा, किंवा कोणाला माल द्यायचा आणि कोणाला नाही हे फर्मान काढते तेव्हा.

याचे ठळक उदाहरण औषधांच्या धंद्यातले आहे. वर्षानुवर्षे देशभर रिवाज असा की कंपनीला एखाद्या शहरात नवा स्टॉकिस्ट नेमायचा असेल तर आधी केमिस्ट संघटनेचे ना-हरकत पत्र हवे. गोव्यातल्या एका औषध विक्रेत्याच्या तक्रारीवरून आयोगाने 2012 मध्ये तिथल्या केमिस्ट आणि ड्रगिस्ट संघटनेविरुद्ध निर्णय दिला. पुढच्याच वर्षी अखिल भारतीय संघटनेविरुद्धही आदेश झाला. कंपनीला हवा त्याला स्टॉकिस्ट नेमण्याचा अधिकार आहे. नव्या माणसाने दार उघडायचे की नाही हे जुन्या दुकानदारांनी ठरवायचे नाही. आमगाव, तिरोडा किंवा देवरीत औषधांची एजन्सी घेऊ पाहणाऱ्या तरुणाला कोणी अजूनही असे पत्र मागत असेल, तर त्याने ती मागणी लेखी मागावी. बहुतेक वेळा तिथेच विषय मिटतो.

बहिष्काराबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल वाचनीय आहे. ‘महाभारत’ ही हिंदी मालिका बंगालीत भाषांतरित करून दाखवू नये म्हणून पश्चिम बंगालच्या कलावंत आणि तंत्रज्ञांच्या संघटनांनी वाहिन्यांवर दबाव आणला. आमच्या पोटाचा प्रश्न आहे, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली: प्रेक्षकाची निवड अडवण्याचा हक्क संघटनेला नाही.

आता हेच धानाच्या भरडाईला लावून पाहा. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ आधारभूत केंद्रांवर धान घेतात, गिरण्या तो भरडून तांदूळ सरकारजमा करतात. भरडाईचा दर आणि क्विंटलमागे द्यायचा उतारा यांवरून गिरणीमालक आणि सरकार यांच्यात ओढाताण नेहमीचीच. गिरणीमालकांचे दुखणे खोटे नाही; वीज, हमाली आणि बारदाना सगळेच महागले आहे. दरवाढ मागणारे निवेदन, उताऱ्याची चाचणी, न्यायालयात याचिका, हे मार्ग खुले आहेत. पण ‘दर वाढेपर्यंत एकाही सभासदाने धान उचलायचा नाही, उचलला तर त्याला दंड’ असा ठराव संघटनेच्या वहीत लिहिला गेला की तो पुरवठा अडवण्याच्या कलमाजवळ जाऊन उभा राहतो. धान उचलायचा की नाही हे प्रत्येक गिरणीने आपले गणित पाहून स्वतंत्रपणे ठरवावे. बैठकीत भावाचा विषय निघाला तर हरकत घ्यावी, ती इतिवृत्तात नोंदवायला लावावी आणि उठून बाहेर पडावे. उद्या चौकशी झाली तर तीच एक ओळ त्या सभासदाला वाचवेल.

निविदेतली रिंग ओळखायची कशी

ठेकेदारांच्या बोलीत याला ‘रिंग’ म्हणतात आणि तो शब्द सगळ्यांना कळतो. पुण्यात 2014-15 मध्ये महापालिकेने घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांसाठी निविदा काढल्या. नागरिक चेतना मंच या संस्थेने तक्रार केली. चौकशीत दिसले की काही निविदाधारक केवळ देखाव्यापुरते उभे केलेले होते, आणि वेगवेगळ्या नावांच्या निविदा एकाच इंटरनेट पत्त्यावरून भरल्या गेल्या होत्या. काहींनी पुढे कबुलीही दिली. 2018 मध्ये आयोगाने दंड केला. तक्रारदार कुठलाही स्पर्धक ठेकेदार नव्हता, सामान्य पुणेकरांची संस्था होती, ही या प्रकरणातली सर्वांत उमेद देणारी बाब.

गोंदियात याचा सर्वांत जवळचा प्रसंग तेंदूपत्त्याचा. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनीच्या जंगलात एप्रिल-मेच्या उन्हात पहाटेपासून पाने तोडायची, सत्तर पानांचा पुडा बांधायचा, फळीवर नेऊन मोजून द्यायचा. कुटुंबाच्या खरिपाचे बियाणे अनेकदा याच पैशातून येते. वनहक्क कायदा 2006 नुसार सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभा आता आपली पाने स्वतः विकू शकतात. म्हणजे दिल्लीतल्या एफसीआयला गोळ्यांच्या निविदेत जो धोका होता, तोच डोंगरातल्या ग्रामसभेलाही आहे: खरेदीदार आधीच ठरवून आले तर?

म्हणून ग्रामसभेच्या सचिवाने, सरपंचाने आणि निविदा उघडणाऱ्या प्रत्येक लिपिकाने काही खुणा शिकून ठेवाव्यात. दरांमध्ये अगदी सारखा किंवा ठरावीक अंतराचा फरक. दोन अर्जांत एकच अक्षर, एकसारखी शुद्धलेखनाची चूक. अनामत रकमेचे डिमांड ड्राफ्ट एकाच बँकेतून, लागोपाठच्या क्रमांकांचे. दरवर्षी पाळीपाळीने वेगळा विजेता. हरलेल्या ठेकेदारालाच नंतर पोटठेका. आणि कधी कधी तर कोणीच न येणे. यातली एक खूण म्हणजे पुरावा नव्हे, पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर घाईने काम देऊ नये. स्वतःचा अपेक्षित दर आधीच काढून बंद ठेवावा, निविदेची जाहिरात शेजारच्या जिल्ह्यांत आणि छत्तीसगड, मध्य प्रदेशातही पोहोचवावी आणि दर पटला नाही तर फेरनिविदा काढावी. स्पर्धा आयोगाने खरेदी अधिकाऱ्यांसाठी अशा खुणांची एक पुस्तिकाच तयार केली आहे. ती प्रत्येक पंचायत समितीच्या टेबलावर असायला हवी.

एक सावधगिरीही सांगायला हवी. सारखा भाव म्हणजे संगनमत, असा सरसकट निष्कर्ष चुकतो. इंडियन ऑइलच्या 2010 च्या गॅस सिलिंडर निविदेत पंचेचाळीसच्या आसपास उत्पादकांचे दर सारखेच आले. निविदेच्या आदल्या दोन दिवसांत त्यातले कित्येक मुंबईच्या एका हॉटेलात एकत्र जमलेही होते. आयोगाने दंड केला, पण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये तो रद्द केला. खरेदीदार तीनच सरकारी कंपन्या, माल एकाच मापाचा, दराचा अंदाज सगळ्यांना आधीच; अशा बाजारात किंमत आपोआप एकमेकांजवळ येते, असे न्यायालयाचे म्हणणे. गोंदियाच्या दहा किराणा दुकानांत साखरेचा भाव एकच असेल तर लगेच बोट दाखवू नये. आधी विचारावे: हा भाव बाजाराने आणला, की बैठकीने?

दंड आणि माफी

संगनमताला दंड ते चालले त्या प्रत्येक वर्षाच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत, किंवा त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत, यांत जास्त असेल तो. जबाबदार संचालक आणि अधिकाऱ्यांनाही वैयक्तिक दंड होतो. आता पुन्हा त्या गोळ्यांकडे. अपील न्यायाधिकरणाने म्हटले की युनायटेड फॉस्फरस शेकडो उत्पादने विकते. गोळ्यांच्या गुन्ह्यासाठी सगळ्या धंद्यावर दंड लावणे अन्यायाचे. दंड गोळ्यांच्या उलाढालीपुरता केला आणि 252 कोटींचे 6.94 कोटी झाले. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. 2023 मध्ये संसदेने दुरुस्ती करून दंडाची कमाल मर्यादा कंपनीच्या जगभरातल्या एकूण उलाढालीवर नेली. हा बदल योग्यच म्हणावा लागेल. दंड नफ्यापेक्षा लहान असेल तर तो धंद्याचा एक खर्च होऊन बसतो.

माफीचीही वाट आहे. संगनमतातला जो भागीदार सर्वांत आधी आयोगाकडे जाऊन खरी आणि पूर्ण माहिती देतो त्याचा दंड शंभर टक्क्यांपर्यंत माफ होऊ शकतो. टॉर्च आणि रेडिओच्या बॅटरींच्या प्रकरणात 2018 मध्ये एव्हरेडीला 171.55 कोटी दंड झाला आणि आधी कबुली देणाऱ्या पॅनासॉनिकला पूर्ण माफी मिळाली. कोणी अशा रिंगमध्ये अडकला असेल तर वकिलाला भेटण्यात एक दिवसही दवडू नये. दुसऱ्या क्रमांकावर येणाऱ्याला सवलत निम्म्यापर्यंतच मिळते.

कोणते दार ठोठवायचे

सगळ्या तक्रारी स्पर्धा आयोगाच्या नाहीत. युरियासोबत नको असलेले दुसरे खत किंवा औषध गळ्यात मारणे, ज्याला शेतकरी ‘लिंकिंग’ म्हणतात, याची सर्वांत लवकर दखल घेऊ शकतो तो कृषी विभाग. पक्के बिल घ्यावे आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. एका दुकानदाराने खराब वस्तू दिली तर ग्राहक आयोग. बाजार समितीतल्या मापाची किंवा चुकाऱ्याची तक्रार आधी समितीकडे, मग जिल्हा उपनिबंधकांकडे. अनेकांनी मिळून बाजारच वेठीला धरला असेल किंवा एखाद्या बलाढ्य कंपनीने पर्यायच ठेवला नसेल, तर मात्र दिल्लीतल्या भारतीय स्पर्धा आयोगाकडे माहिती दाखल करावी. ती ऑनलाइनही करता येते, ठरलेली फी लागते आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. तक्रारदाराचे स्वतःचे नुकसान झालेले असलेच पाहिजे असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ते स्पष्ट केले आहे. ग्रामसभा, शेतकरी उत्पादक कंपनी, महिला बचत गट, एकटा नागरिक, कोणीही जाऊ शकतो.

आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर तो आपल्या महासंचालकांना चौकशीचा आदेश देतो. कागदपत्रे जप्त करण्यापर्यंतचे अधिकार त्यांना आहेत. म्हणून तक्रारदाराने आरोपांपेक्षा तारखा, दर आणि कागद द्यावेत. दर वर्षीच्या निविदेचा तुलनात्मक तक्ता आणि पाकिटांच्या प्रती जपून ठेवाव्यात, संशयास्पद निरोपांचे फोटो काढून ठेवावेत. हे काम आजच सुरू करा, कारण 2023 च्या दुरुस्तीनंतर अशी माहिती घटना घडल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. त्यानंतर उशिराचे सबळ कारण आयोगाला पटवून द्यावे लागते.